झेरोग्राफी : कोरडी छायाप्रत आणि तिची चित्रकला

झेरोग्राफी म्हणजे स्थिर विद्युत आणि प्रकाश यांच्या साहाय्याने कोरड्या भुकटीची प्रतिमा कागदावर उमटवण्याची पद्धत. शाळेचा दाखला, सातबारा किंवा परीक्षेच्या नोट्स यांची झेरॉक्स ज्या यंत्रावर निघते, त्याचा पाया हीच पद्धत आहे. तिला ओली शाई लागत नाही, छायाचित्रणातली रसायने लागत नाहीत आणि खास लेप दिलेला कागदही लागत नाही. कचेरीच्या सोयीसाठी तयार झालेल्या या यंत्राकडे १९६० नंतरच्या तीन दशकांत अमेरिका, युरोप, जपान आणि ब्राझील इथले अनेक चित्रकार वळले. त्यांच्या चित्रांतला गडद काळा रंग, ताणलेल्या रेषा आणि मधोमध फिके पडलेले ठसे हे सारे यंत्राच्या रचनेतून आलेले आहे. त्यामुळे ही कला समजून घ्यायची तर आधी यंत्र कसे घडले ते पाहावे लागते.

विद्युतभारित पृष्ठभागावर भुकटी आकृती धरते, हे जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ गेओर्ग क्रिस्टोफ लिख्टेनबेर्ग यांनी १७७७ च्या सुमारास पाहिले. राळेच्या मोठ्या चकतीवर बसलेल्या धुळीत त्यांना तारे आणि फांद्या यांसारखे आकार दिसले. चिकट कागद दाबून त्यांनी ते आकार उचलूनही घेतले. भार, भुकटी आणि कागद ही तीन अंगे अशी अठराव्या शतकातच एकत्र आली होती. प्रकाशाची जोड तेवढी बाकी होती आणि ती मिळायला पुढची दीडशेहून अधिक वर्षे गेली.

ती जोड देणारे चेस्टर कार्लसन (१९०६–१९६८) मूळचे सिएटलचे. आईवडील दोघेही आजारी, त्यामुळे घर चालवण्याचा भार लहानपणापासूनच त्यांच्यावर होता. १९३० मध्ये कॅलिफोर्नियातून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ते बाहेर पडले ते थेट महामंदीत. पुढे न्यूयॉर्कमध्ये एका विद्युतसामग्रीच्या कंपनीच्या पेटंट विभागात त्यांना नोकरी मिळाली. पेटंटच्या कागदपत्रांच्या प्रती तिथे कधीच पुरत नसत. टंकलेखन पुन्हा करायचे किंवा फोटोस्टॅट काढून घ्यायचा, एवढेच मार्ग होते. पहिल्यात चुका होत आणि दुसरा महाग पडे. रात्री ते कायदा शिकत. पुस्तके विकत घेणे परवडत नसल्याने ग्रंथालयात बसून पानेच्या पाने हाताने उतरवून घेत, आणि त्यातच संधिवाताचा त्रास सुरू झाला.

उपाय शोधताना कार्लसन यांनी छायाचित्रणाची रसायने मुद्दाम बाजूला ठेवली. त्या वाटेवर मोठ्या कंपन्यांच्या प्रयोगशाळा आधीच पोहोचलेल्या असणार, असा त्यांचा हिशोब होता. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात वाचताना हंगेरीतले भौतिकशास्त्रज्ञ पाल शेलेन्यी यांचे लेख त्यांच्या हाती लागले. विद्युतरोधक पृष्ठभागावर भार टाकून आणि त्यावर भुकटी शिंपडून चित्र उमटवण्याचे प्रयोग शेलेन्यी करत होते. कार्लसन यांनी त्यात एक मोलाची गोष्ट घातली. काही पदार्थ अंधारात विद्युतरोधक असतात आणि प्रकाश पडला की वीज वाहू देतात. अशा पदार्थाच्या थरावर आधी भार द्यायचा आणि मग प्रकाशाने मजकुराची प्रतिमा पाडायची. उजेड पडेल तिथला भार निघून जाईल आणि अंधाऱ्या भागात, म्हणजे अक्षरांच्या जागी, तो टिकून राहील.

२२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अॅस्टोरिया भागातल्या एका खोलीत हा विचार प्रत्यक्षात उतरला. ऑस्ट्रियातून आलेले निर्वासित भौतिकशास्त्रज्ञ ओटो कोर्नेई त्यांच्या मदतीला होते. जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर दिला होता. सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्टीवर शाईने तारीख आणि 'अॅस्टोरिया' हे नाव लिहिले. खोलीत अंधार करून गंधकाचा थर रुमालाने घासला, त्यावर काचपट्टी ठेवून काही सेकंद प्रखर दिवा लावला आणि मग लायकोपोडियम या वनस्पतीच्या बीजाणूंची भुकटी भुरभुरली. फुंकर मारल्यावर जादा भुकटी उडाली आणि अक्षरे राहिली. मेणकागद गरम करून त्यावर दाबला तेव्हा ती अक्षरे कागदावर आली. कोर्नेई यांना या कामात फारसे भवितव्य दिसले नाही आणि ते लवकरच दुसऱ्या नोकरीवर गेले.

कंपन्यांचेही मत तसेच होते. आयबीएम, कोडॅक, जनरल इलेक्ट्रिक यांच्यासह वीसहून अधिक कंपन्यांनी कार्लसन यांना परत पाठवले. १९४२ मध्ये मूळ पेटंट मंजूर झाले, तरी घेणारा कोणी नव्हता. १९४४ मध्ये ओहायो राज्यातल्या कोलंबस इथल्या बॅटेल मेमोरियल इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने काम हाती घेतले आणि तिथे पद्धतीचे खरे रूप घडले. गंधकाच्या जागी कितीतरी अधिक प्रकाशसंवेदी असे सेलेनियम आले. रुमालाने घासण्याऐवजी उच्च दाबाची वीज वाहणारी बारीक तार भार देऊ लागली. बीजाणूंच्या भुकटीऐवजी काजळी आणि वितळणारी राळ यांचे मिश्रण, म्हणजे आजचा टोनर, तयार झाला. रॉचेस्टरमधल्या हॅलॉइड या छायाचित्रण-कागद बनवणाऱ्या लहान कंपनीने या पद्धतीचे हक्क घेतले. तिचे प्रमुख जोसेफ विल्सन यांनी कंपनीची जवळजवळ सगळी पुंजी या एका गोष्टीवर लावली. अॅस्टोरियातल्या प्रयोगाला बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी, २२ ऑक्टोबर १९४८ रोजी, पद्धतीची जाहीर घोषणा झाली. १९४९ चे पहिले यंत्र मात्र हाताने चालवायचे होते. एका प्रतीला कित्येक टप्पे लागत आणि ते खपले ते मुख्यतः ऑफसेट छपाईच्या पट्ट्या तयार करण्यासाठी.

सगळे बदलले ते 'झेरॉक्स ९१४' मुळे. नऊ बाय चौदा इंचांपर्यंतचा कागद घेते म्हणून ९१४. न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात १६ सप्टेंबर १९५९ रोजी त्याचे प्रात्यक्षिक झाले, तेव्हा मांडलेल्या दोन यंत्रांपैकी एकाने पेट घेतला. सुदैवाने कॅमेरे दुसऱ्या यंत्रावर होते. त्याचे वजन ६४८ पौंड, म्हणजे जवळपास २९४ किलो होते आणि मिनिटाला सात प्रती निघत. विकत घ्यायला ते फार महाग पडले असते, म्हणून कंपनीने ते महिना ९५ डॉलर भाड्याने दिले. त्यात २,००० प्रती मिळत आणि पुढच्या प्रत्येक प्रतीचे पैसे यंत्रावरच्या मीटरप्रमाणे द्यावे लागत. हा मीटर पुढे कलेच्या इतिहासातही डोकावतो. १९६१ मध्ये कंपनीने झेरॉक्स कॉर्पोरेशन हे नाव घेतले.

यंत्राचे चक्र असे चालते. सेलेनियमचा थर असलेला ड्रम अंधारात फिरतो आणि तारेजवळून जाताना भारित होतो. काचेवर पालथ्या ठेवलेल्या कागदावर दिव्याची एक अरुंद पट्टी सरकते आणि परावर्तित प्रकाश आरशांतून ड्रमवर पडतो. पांढऱ्या भागाचा भार जातो आणि काळ्या भागाचा राहतो. विरुद्ध भार असलेला टोनर त्या जागी चिकटतो, कोरा कागद ड्रमला टेकून मागून भार दिला की टोनर कागदावर ओढला जातो आणि शेवटी उष्णतेने वितळून घट्ट बसतो. ९१४ मध्ये ड्रमवर उरलेली भुकटी सशाच्या केसांच्या ब्रशने झाडली जाई.

या चक्रातल्या तीन गोष्टींवर अभियंते नाराज होते आणि चित्रकार त्यांवरच खूश झाले. पहिली म्हणजे प्रतिमा एका क्षणात टिपली जात नाही. दिव्याची पट्टी सरकते तशी ती ओळीओळीने घडते. त्या अवधीत कागद पट्टीच्या दिशेने सरकवला तर आकृती लांबते, उलट दिशेने सरकवला तर आखडते आणि हलवत राहिले तर लाटांसारखी होते. दुसरी गोष्ट भाराच्या स्वभावाची. विद्युतक्षेत्र काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर सर्वांत तीव्र असते, त्यामुळे जुन्या यंत्रांवर मोठ्या काळ्या पृष्ठभागाची कड गडद येई आणि मध्य फिका पडे. अक्षरे बारीक असल्याने कचेरीत हे खटकत नसे, पण चित्र ठेवले की त्याच्या छटा नाहीशा होऊन कडाच उरत. तिसरी गोष्ट भिंगाची. ते काचेला टेकलेलेच स्पष्ट दाखवते. वस्तू दोनतीन बोटे वर गेली की ती काळोखात विरते. हात, पीस, मोजा किंवा चेहरा काचेवर ठेवला तर टेकलेला भाग रेखीव येतो आणि बाकीचा अंधारातून वर येत असल्यासारखा दिसतो. कॅमेऱ्याने असे चित्र निघत नाही.

सरकण्याच्या गुणाचा पद्धतशीर अभ्यास सर्वांत आधी इटलीतले ब्रुनो मुनारी (१९०७–१९९८) यांनी केला. मिलानमध्ये १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी 'मूळ झेरोग्राफी' या नावाची चित्रमाला सुरू केली. जाळ्या, छापील नक्षी, छायाचित्रे काचेवर हव्या त्या वेगाने फिरवून त्यांनी अशी चित्रे काढली, ज्यांचे मूळ दुसरीकडे कुठेच नव्हते. कागदावर उमटलेली प्रत हेच मूळ चित्र होते. १९७० मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत त्यांनी हे काम मांडले आणि त्याच वर्षी पद्धत समजावून देणारे पुस्तकही काढले. यंत्राच्या कलाशिक्षणातल्या उपयोगाचा विचार त्यांच्याइतक्या स्वच्छपणे फार थोड्यांनी केला आहे.

अमेरिकेत सुरुवात अधिक घरगुती होती. लॉस एंजेलिसजवळच्या पॅसाडेना इथे बार्बरा स्मिथ यांना एका नामांकित शिळाछाप कार्यशाळेत काम करायचे होते, पण तिथे त्यांना जागा मिळाली नाही. आपल्या काळाची छपाई म्हणजे शिळाछाप राहिलेली नसून झेरॉक्स आहे, असे ठरवून त्यांनी १९६०च्या दशकाच्या मध्यावर ९१४ भाड्याने आणले आणि घराच्या जेवणघरात बसवले. लेस, फुले, मुलांची छायाचित्रे आणि स्वतःचे शरीर त्यांनी काचेवर ठेवले. त्या प्रतींची पुस्तके बांधली. लग्न आणि घर या दोहोंविषयीची घुसमट त्या पुस्तकांत आहे, आणि अवजड कचेरी-यंत्र जेवणाच्या टेबलाच्या जागी आल्याने तिला वेगळीच धार येते. त्याच काळात कॅलिफोर्नियात वॉलेस बर्मन हातात ट्रान्झिस्टर रेडिओ धरलेल्या प्रतिमांची मालिका करत होते, पण त्यांचे यंत्र व्हेरिफॅक्स होते. ते ओल्या रसायनांवर चालणारे असल्याने त्या कामाचा तपकिरी पोत निराळा आहे.

न्यूयॉर्कमधल्या संकल्पनावादी कलावंतांना पोतापेक्षा प्रत या कल्पनेतच रस होता. डिसेंबर १९६६ मध्ये मेल बॉकनर यांनी स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्समधल्या प्रदर्शनासाठी मित्रांची कच्ची रेखाटने, हिशोब आणि टिपणे झेरॉक्स करून चार सारख्याच फायलींत लावली आणि फायली चौथऱ्यांवर ठेवल्या. ऑस्ट्रेलियन कलावंत इयन बर्न यांनी १९६८ मध्ये कोऱ्या कागदाची प्रत काढली, त्या प्रतीची प्रत काढली आणि असे शंभर वेळा केले. प्रत्येक फेरीत धुळीचे कण आणि टोनरचे ठिपके वाढत गेले. मूळ कागदावर काहीच नसल्याने त्या पुस्तकात दिसते ते सगळे यंत्राने स्वतः काढलेले आहे. या यंत्राविषयीचे इतके नेमके विधान दुसऱ्या कुठल्या कलाकृतीत क्वचितच सापडेल.

डिसेंबर १९६८ मध्येच सेथ सीगेलॉब आणि जॅक वेंडलर यांनी कार्ल आंद्रे, रॉबर्ट बॅरी, डग्लस ह्यूब्लर, जोसेफ कोसुथ, सोल लेविट, रॉबर्ट मॉरिस आणि लॉरेन्स वीनर या सातजणांना प्रत्येकी पंचवीस पाने देऊन पुस्तकरूपी प्रदर्शन काढले. ते 'झेरॉक्स बुक' म्हणून ओळखले जाते. एक हजार प्रती झेरॉक्सवर काढायच्या तर मीटरचा खर्च आवाक्याबाहेर जात होता, म्हणून ते छापले गेले ऑफसेटवर. जपानमध्ये नोबुयोशी अराकी यांना हा प्रश्न पडला नाही. ते ज्या जाहिरात कंपनीत नोकरीला होते तिच्याच यंत्रावर त्यांनी १९७० मध्ये आपल्या छायाचित्रांच्या 'झेरॉक्स अल्बमां'ची मालिका काढली आणि ती ओळखीच्यांना व अनोळखी लोकांनाही टपालाने पाठवली.

रंगाची वाट थ्री-एम कंपनीच्या १९६८ च्या 'कलर-इन-कलर' यंत्राने उघडली. ही पद्धतही कोरडीच होती, मात्र तिच्यात टोनरऐवजी उष्णतेने उडणारे रंग वापरले जात. बटणे दाबून मूळ वस्तूत नसलेले रंग देता येत आणि प्रतिमा कापडावरही उतरवता येई. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या कलाशाळेतल्या अध्यापिका सोनिया लँडी शेरिडन (१९२५–२०२१) यांनी या कंपनीत प्रत्यक्ष राहून शास्त्रज्ञांबरोबर काम केले आणि १९७० मध्ये शाळेत 'जनरेटिव्ह सिस्टिम्स' हा अभ्यासक्रम सुरू केला. विद्यार्थ्यांनी यंत्र वापरण्याआधी ते उघडून समजून घ्यावे, उष्णता, प्रकाश, चुंबकत्व आणि ध्वनी यांपासून प्रतिमा कशी बनते ते करून पाहावे, असा त्याचा आराखडा होता. चित्रकला शिकवण्याच्या पद्धतीत या अभ्यासक्रमाने टाकलेले पाऊल खरोखर मोठे होते आणि त्याला मिळालेली प्रसिद्धी त्या मानाने थोडी आहे. झेरॉक्स कंपनीचे रंगीत यंत्र, ६५००, १९७३ मध्ये आले. त्यात पिवळा, किरमिजी आणि निळा अशा तीन फेऱ्या होत. दोन फेऱ्यांमध्ये वस्तू जराशी सरकवली की तीन रंगांच्या तीन आकृत्या एकमेकींपासून सुटत. चित्रकारांनी याचा मनसोक्त उपयोग केला.

पाटी हिल (१९२१–२०१४) या अमेरिकन लेखिकेने रंगाकडे पाठ फिरवली. कंगवा, हातमोजे, घडी घातलेले कपडे अशा घरातल्या वस्तू त्यांनी आयबीएमच्या यंत्रावर ठेवल्या. झाकण उघडे राहिल्यामुळे पार्श्वभूमी दाट काळी येई आणि साधी वस्तू तीत विलक्षण ठसठशीत दिसे. आयबीएमने १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांना घरी एक यंत्र वापरायला दिले. त्यावर त्यांनी एका मृत हंसाची पिसे, चोच आणि पाय यांची चित्रमाला केली. पुढे फ्रान्समध्ये व्हर्सायच्या राजवाड्याची वस्तू-वस्तूने प्रत काढण्याचा संकल्प त्यांनी वर्षानुवर्षे चालवला. लेखन आणि प्रतिमा शेजारी ठेवणारी त्यांची पुस्तके या संपूर्ण परंपरेतले सर्वांत परिपक्व काम म्हणावे लागेल.

ब्राझीलमध्ये लष्करी राजवटीच्या काळात (१९६४–१९८५) झेरॉक्स आणि टपाल यांची सांगड पडली. रेसिफेचे पाउलो ब्रुस्की प्रतींमधून जगभरच्या कलावंतांशी देवाणघेवाण करत. १९७६ मध्ये त्यांनी भरवलेले टपाल-कलेचे प्रदर्शन पोलिसांनी बंद पाडले आणि त्यांना तुरुंगात टाकले. साओ पाउलोच्या उदिनिल्सन ज्युनियर यांनी स्वतःचे अंग काचेवर टेकवून प्रती काढल्या आणि त्या इतक्या मोठ्या करत नेल्या की त्वचेचे केस आणि सुरकुत्या यांचे केवळ काळे-पांढरे पोत उरले.

इंग्लंड-अमेरिकेतल्या पंक संगीताच्या हस्तनिर्मित नियतकालिकांना १९७६ पासून याच यंत्राने हातभार लावला. मुंबईतली मराठी अनियतकालिके त्याआधी, १९५० आणि ६० च्या दशकांत, अशाच गरजेपोटी सायक्लोस्टाइलकडे वळली होती. स्टेन्सिलवर मजकूर टंकता येई, पण छायाचित्र जसेच्या तसे येत नसे. झेरॉक्सवर मात्र कात्री लावलेली बातमी, छायाचित्र आणि हस्ताक्षर एकाच पानावर काही सेकंदांत एकत्र होत. १९८० च्या सुमारास कीथ हॅरिंग वर्तमानपत्रांचे मथळे कापून-जोडून बनवलेल्या खोट्या बातम्यांच्या प्रती न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर चिकटवत होते. झाँ-मिशेल बास्किया रंगीत प्रतींची पोस्टकार्डे विकत, आणि पुढे आपल्याच रेखाटनांच्या प्रती कॅनव्हासवर चिकटवून त्यांवर रंगकाम करू लागले. १९८६ मध्ये डेव्हिड हॉकनी यांनी लॉस एंजेलिसच्या चित्रशाळेत कचेरीची यंत्रे आणून वेगळा मार्ग काढला. प्रत्येक रंगाचा भाग त्यांनी स्वतंत्र कागदावर रेखाटला आणि एकच कागद यंत्रातून पुन्हा पुन्हा घालून थरांवर थर चढवले. छापखाना आणि कारागीर यांच्याशिवाय चित्रकार एकटा, एका दुपारी, बहुरंगी मुद्राचित्र पुरे करू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले.

कॅननचे डिजिटल रंगीत यंत्र १९८७ मध्ये आले आणि तिथून जुनी पद्धत मागे पडू लागली. नव्या यंत्रांत प्रकाश थेट ड्रमवर पडत नाही. आधी प्रतिमेची अंकांत नोंद होते आणि मग लेझर ड्रमवर ती लिहितो. एकदा वाचले की हव्या तेवढ्या प्रती निघतात. कडा गडद आणि मध्य पोकळ हा दोष पूर्ण गेला आणि त्याबरोबर त्यावर उभी असलेली चित्रशैलीही गेली.

तोवर संग्रहालयांनी दखल घ्यायला सुरुवात केली होती. रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाउसमध्ये १९७९ मध्ये 'इलेक्ट्रोवर्क्स' हे मोठे प्रदर्शन झाले. जर्मनीतल्या म्युलहाइम इथे क्लाउस उर्बोन्स यांनी १९८५ मध्ये छायाप्रतीचे संग्रहालय काढले आणि स्पेनमधल्या कुएंका इथे १९९० मध्ये इलेक्ट्रोग्राफीचे आंतरराष्ट्रीय संग्रहालय सुरू झाले. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने २०१७ मध्ये आपल्या संग्रहातल्या १९६६ ते १९८६ या काळातल्या कामांचे प्रदर्शन भरवले. जतनाच्या दृष्टीने काळ्या टोनरची चित्रे भक्कम आहेत, कारण काजळीचा रंग उडत नाही. धोका असतो तो आम्लयुक्त स्वस्त कागदाला, आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात दाबून ठेवल्यास टोनर त्यालाच चिकटून उतरण्याचा. रंगीत कामांतले काही रंग प्रकाशात लवकर फिके पडतात, म्हणून ती अंधारात ठेवली जातात. मूळ ड्रम आणि टोनर आता बनत नसल्याने त्याच यंत्रावर नवी प्रत काढण्याचा पर्यायही बहुतेक कामांच्या बाबतीत उरलेला नाही.